आबांची मापं, माझी फाइल

आमच्या उल्हासनगरच्या सूट शिवायच्या दुकानात चिंध्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. त्यातले निम्मे, मी व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो तेव्हापासूनचे! शिकलो ते आमच्या कटिंग मास्टर आबांसाठी. त्यांची नजर जात चालली होती आणि तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची मापं त्यांच्या वह्यांत, फक्त त्यांनाच लागणाऱ्या अक्षरात. आबा वाचून सांगायचे, मी फाइलमध्ये चढवायचो.

*

पहिल्याच दिवशी प्रोग्रॅम म्हणाला, फाइल सापडत नाही. फाइल समोर, डेस्कटॉपवर! माझा सिंधी पार्टनर किशू ओरडला, "साईं, सामने तो पडी है! चष्मा लगा इसको!"

तीन दिवस गेले. नावाच्या शेपटाला विंडोजने आणखी एक .txt लपवून ठेवलं होतं.

*

मग "परमिशन डिनाइड". किशू भडकला, "दुकान अपना, कॉम्प्युटर अपना, परमिशन किसकी?"

त्याचीच! सकाळी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून यानेच मिनिमाइज करून ठेवलेली.

*

पालेगावच्या एका गिऱ्हाइकाच्या कोटाला प्रोग्रॅमने छापलेली चिठ्ठी लावली. मराठी अक्षरं नीट छापायला लागतं ते utf-8 सांगायला मी विसरलो, त्यामुळे नावाच्या जागी नुसत्या मुंग्या. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली.

"शेठ, कोट माझाच हाय. पन ह्यो मानूस आमच्या गावात नाय!"

*

एकदा चाळीस नावं घेतली, फाइल बंद करायची राहिली आणि लाइट गेली. चाळीसही गायब.

"मग मी सांगितलं ते होतं कुठे?" आबा.

"मेमरीत."

"कुणाच्या?"

*

अखेर सगळी मापं चढली. दसऱ्याला आबांनी वह्यांना हळदकुंकू वाहिलं आणि स्वतःच्या हाताने उल्हास नदीत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी एक नवं नाव घालायचं होतं. फाइलच्या शेवटी जोडायला 'a' लागतो. मी लिहिला 'w', म्हणजे आधीचं पुसून नव्याने. एरर नाही, काही नाही. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला! मी किशूला टाळी दिली.

फाइल उघडली. एकच ओळ. पेनड्राइव्हवरची कॉपी प्रोग्रॅम आपोआप करायचा, तिथेही तीच ओळ.

कात्रपला आबांच्या घरी गेलो. दारात कुणीतरी उभं आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. सगळं सांगितलं. रागावले नाहीत.

"बस. लिही. डावा खांदा अर्धा इंच खाली. मान आखूड. पोट पुढे."

"नाव, आबा?"

त्यांची बोटं हवेत त्या खांद्यावरून फिरत राहिली.

"खांदा हाताला लागतोय रे... तोंड दिसत नाही. पुढचा घे."