उजव्या कोपऱ्यातलं कोल्हापूर

शिवाजी पेठेतल्या आमच्या छापखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर, तळाला उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव आणि 'कोल्हापूर' असतं. लग्नपत्रिका असो नाहीतर तालमीच्या फुटबॉल सामन्याचं पत्रक. वडिलांनी लावलेली शिस्त. ती ओळ टाकताना मी कधी विचार केला नाही, आणि तिथंच घात झाला.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्याच जिल्ह्यातल्या चंदगडकडचे. काजूची मोठी बाग. वर्षानुवर्षं त्यांची बोंडं टेम्पोत भरून गोव्यातल्या फेणीच्या भट्ट्यांवर जायची. शेवटी हेलपाटे घालून त्यांनी स्वतःच्या भट्टीचा परवाना काढला, आणि परदेशातला एक व्यापारी माल घ्यायला तयार झाला. त्याची अट एकच होती. बाटलीवर 'गोव्याची फेणी' पाहिजे, दुसऱ्या नावाला तिकडं कोणी विचारत नाही.

लेबल छापून घ्यायला ते माझ्याकडं आले. फेणी हे नाव गोव्याच्या नावावर नोंदलेलं आहे, बाहेरच्यांना ते लावता येत नाही, एवढं मला माहीत होतं. तसं मी सांगितलंही.

दाजी शांतपणे म्हणाले, "आमचीच बोंडं तिकडं जाऊन फेणी होत्यात. मग आमच्या दारात गाळली की तिचं नाव बदलतंय व्हय?"

त्याच आठवड्यात महाद्वार रोडवर मी एका दुकानदाराशी कडाकडा भांडलो होतो. मशीनवर कापलेल्या परगावच्या चपला तो कोल्हापुरी म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारत होता. नाव चोरताना लाज वाटत नाही का, असं मी चारचौघांत ओरडलो होतो. पण इथं समोर बहीण बसली होती. सगळं तुझ्या लेबलावर अडलंय, म्हणाली. मी लेबल करायला घेतलं.

माडाची झाडं, निळा समुद्र आणि मधोमध मोठ्या अक्षरांत गोवा. पहिला कागद मशीनमधून निघाला तेव्हा मी तो बराच वेळ धरून उभा होतो. रंग बरोबर होते, अक्षरं बरोबर होती. तरी काहीतरी टोचत होतं आणि हाताला लागत नव्हतं. मग बाटल्यांच्या पेट्या परदेशी गेल्या.

त्यानंतर दाजींचे फोन कमी होत गेले, पुढं बंदच झाले. अनोळखी नंबर वाजला की मी फोन उचलायचो नाही.

एका दुपारी ते छापखान्यात आले. एरवी मला अरे-तुरे करणारा माणूस, पण उभ्या उभ्याच मोबाइल पुढं धरून म्हणाले, "ह्ये तुम्हीच छापलंय न्हवं?"

माल परदेशातल्या बंदरात अडकला होता. गोव्याच्या फेणीवाल्यांनी तक्रार केली होती. मोबाइलमध्ये आमच्या लेबलाचा मोठा केलेला फोटो होता आणि त्यावर लाल गोल. गोल गोव्याभोवती नव्हता. उजव्या कोपऱ्याभोवती होता.

आठ दिवसांत मलाही सरकारी पत्र आलं. ही दारू कुठं तयार झाली, माहीत असेल ते लिहून द्या. बहिणीचा फोन आला. "गोव्यातलीच, एवढं एक लिही. तुझं काय जातंय?"

मी चंदगड लिहिलं. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतील, पण मला भीती वाटली होती. छापखाना जाईल, ही भीती. पत्राखाली सही करून पाठवलं.

दाजींच्या भट्टीला सील लागलं. या हंगामात बोंडं पुन्हा टेम्पोत भरून गोव्याला गेली. तिथं गाळलेली त्याच बोंडांची फेणी आता कुठल्याही बंदरात कोणी अडवणार नाही.

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका आजवर आमच्याच मशीनवर छापली गेली. परवा भाचीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, लग्नाची पत्रिका पोस्टानं आली. मी मुहूर्त वाचायच्या आधी सवयीनं उजवा कोपरा पाहिला. तिथं बेळगाव होतं.