मंगळवारची पालकसभा

मावशींना काही सांगायचं असलं की त्या आधी हातातला झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवायच्या. झाडू टेकला की मी पेन खाली ठेवायची.

लोणावळ्याच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या आणि मी आठवीची वर्गशिक्षिका. माझं सगळं कसं वेळापत्रकाप्रमाणे, हे तुम्हा नातवंडांना माहीत आहेच. पालकसभा महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकराला. हजेरीचा तक्ता मी स्वतः आखलेला.

त्यात माझ्या वर्गातल्या निशाच्या पालकांपुढे सलग गैरहजेरीच्या फुल्या पडल्या. नववीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत जागा कमी होत्या, म्हणून पालक लक्ष घालत नाहीत अशी मुलं वगळायचं ठरलं. मुलगी गणितात हुशार होती. तरी मी वगळायच्या यादीत पहिलं नाव तिचंच लिहिलं.

मावशींनी झाडू टेकवला.

"बाई, पोरीची आई खंडाळ्याला हाटेलात चादरी बदलती. बाप टॅक्सीवर. शनिवारी पाव्हण्यांची ही गर्दी. त्या दिशी खाडा केला तर सोमवारी कामावर कोण घेईल?"

"मग चिठ्ठी तरी पाठवायची."

"सांगायची लाज वाटती ओ. तुमी लय शिकल्या, पर हितं लोकांचा रविवार मंगळवारी येतो, ह्ये कुटल्या पुस्तकात न्हाई व्हय?"

मला राग आला. घरी जाईपर्यंत तो स्वतःवरच वळला होता. इतकी वर्षं या गावात राहून मला गावाचा वार ठाऊक नव्हता.

पुढची सभा मंगळवारी घेतली. बाकं कमी पडली. कितीतरी जणी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. निशाच्या आईने घडी घातलेला पेपर माझ्यापुढे ठेवला.

"बाई, बेरीज परत करता का? चार मार्क कमी येत्यात."

मी केली. चूक माझीच होती. दाराशी मावशी पदराआड हसत होत्या. निशाचं नाव मी यादीतून खोडलं.

दोन वर्षांनी, निशाची दहावीची परीक्षा संपल्यावर मावशी निवृत्त होऊन पवना धरणाजवळच्या तिकोणा पेठेला, आपल्या गावी गेल्या. निशाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिची आई तिच्यासोबत पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आली आणि आधी मावशींना शोधू लागली. त्या गावी गेल्याचं मी सांगितलं. पुडा घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने तो पिशवीत परत ठेवला.

"पयला मावशींना. तुमाला येताना देते."

मायलेकी पवनेकडच्या एसटीत चढल्या. मी संध्याकाळपर्यंत शाळेतच थांबले.