बाळूच्या नावावरच्या दहा विकेट

बाळूशेठने त्या मॅचमध्ये एकही बॉल टाकला नव्हता.

होय, तोच बाळूशेठ. ज्याच्या वाढदिवसाला दरवर्षी चौकात बॅनर लागतो, 'एका डावात दहा विकेट घेणारा आपल्या गावचा वाघ.'

वाघ माझ्या शेजारी पेंढ्यांवर बसला होता. डोक्यावर टॉवेल घेऊन, तोंड लपवून.

दहाच्या दहा विकेट इद्रिसने घेतल्या. माझ्या बाजूच्या लूमवर ड्युटी करायचा तो.
आज सकाळी गेला.

साल चौऱ्याहत्तर की पंच्याहत्तर, आता आठवत नाही. शुक्रवार होता, म्हणजे लूम बंद. भात कापलेल्या शेतात फायनल. समोर शहापूरकडची टीम.

नियम एकच, खेळाडू गावचाच पाहिजे. इद्रिस आजमगढचा, खोली टेमघरला. म्हणून यादीत नाव बाळूचं आणि मैदानात इद्रिस. तेव्हा सर्रास चालायचं हे. शहापूरवाल्यांना आमची तोंडं थोडीच माहीत!

फक्त बघणाऱ्यांनी तोंड सांभाळायचं.

"कोन इद्रिस बोलला ना, त थोबाड फोडीन," बाळूने दम दिला. "बाळू बोलायचा. बाळू!"

लूमवर तुटलेला धागा इद्रिस दोन बोटांत असा जोडायचा की गाठ दिसायची नाही. तीच बोटं बॉलवर. बॉल पडायचा एकीकडे आणि स्टंप उडायचा भलतीकडे. समोरचा प्रत्येक जण खेळपट्टीकडे बघत शिव्या देत परत जायचा.

आणि आम्ही? प्रत्येक विकेटला घसा फाडून, "बाळू! बाळू!"

दहावी विकेट पडली तेव्हा इद्रिस आमच्याकडे धावत आला. हसत होता. आमचं ओरडणं ऐकलं आणि मध्येच धावणं सोडून चालायला लागला. ते मी बघितलं. तरी ओरडतच राहिलो.

बक्षिसाला नाव पुकारलं, "बाळाराम!"
इद्रिस बसलेलाच.
परत पुकारलं. आता टॉवेलवाला बाळू सवयीने अर्धा उठला, गाढव! मी इद्रिसला कोपर मारलं, "ऊठ ना, तुलाच बोलवतात."
"मेरा नाम नहीं है," तो म्हणाला.
मग गेला. कप घेतला आणि गावात आल्यावर बाळूच्या हातात दिला. अजून आहे तो, बाळूशेठच्या गोडाऊनच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात.

गेल्या महिन्यात इद्रिसला भेटायला गेलो. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "उस दिन पूरा गाँव चिल्लाया. मेरे नाम से एक भी नहीं. तू भी नहीं, यार."

मी चहा प्यायलो आणि आलो. माझ्यासारखा नालायक मीच.

आज गावच्या ग्रुपवर बाळूशेठचा मेसेज, 'रेस्ट इन पीस चाचा', वर हात जोडलेले.
चाचा? तुझ्याहून दोन वर्षांनी लहान होता तो! आणि त्या मेसेजखाली तुम्हा बाकीच्यांचे अंगठे कसले रे? तुम्ही पण होतात पेंढ्यांवर. सगळे होतात. लाज वाटू द्या जरा.

बाळू, ये आता. फोड थोबाड. घरीच आहे मी.

पहिली विकेट, इद्रिस.
दहावी विकेट, इद्रिस.
मधल्या आठ पण इद्रिसच्याच.

इद्रिस! इद्रिस!

ऐकायला तू नाहीस. जा गड्या, नीट जा. जमलं तर माफ कर.