आमगावच्या पाहुण्यांनी पाहिलेल्या सॅलरी स्लिपा

अमेरिकेतून सुटीवर कुडव्याला घरी आलो आणि आमगावचे पाहुणे लग्नाचं ठरवायला आले. मुलीच्या मामांनी माझ्या दोन सॅलरी स्लिपा मागितल्या. नव्या स्लिपेत हातात येणारा पगार कमी! पंखासुद्धा श्वास रोखून थांबला. लाइट गेली होती, हे मी कुणाला सांगत नाही.

“काऊन घटला? नोकरीवरून काढून तर नाही राहिले?” मामा गुरकावले.

“आधी विद्यार्थी व्हिसावरच नोकरी होती, तेव्हा तिथला सामाजिक सुरक्षा कर, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनीची कपात, माफ होता, मामाजी. आता नोकरीचा व्हिसा झाला, म्हणून कापून राहिले.”

मामा दोन्ही स्लिपा ताडून पाहत राहिले. आईच्या हातातला चहा गोठून बर्फ झाला.

शेवटी मुलीचे वडील, रेल्वेतले बाबू, मामांवर खेकसले, “पीएफ कापत नाही ते नोकरी कच्ची रायते, भाऊ. पोरगा पक्का झाला. तारीख काढा!”