जावईबापू, सामूचं काय केलंत?

साडेसाते हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या कागदापलीकडे कुठे फारसं फिरकत नसे. पोहण्याच्या तलावाचं पाणी सांभाळणं हे त्यांचं काम, आणि त्या पाण्याचा सामू सव्वासाताच्या खाली उतरू द्यायचा नाही की साडेसाताच्या वर चढू द्यायचा नाही, हा त्यांचा आयुष्यातला एकमेव हट्ट. हाताखालच्या लोकांनी आधी त्यांचं नाव 'साडेसाती' ठेवलं होतं. पण ते तोंडावर म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्याचं साडेसाते झालं. नवीन लागलेल्या एकाने तर ते खरंच समजून कपाटावर 'श्री. साडेसाते' अशी पट्टी चिकटवली, आणि ती काढण्याचे कष्ट खुद्द साडेसात्यांनीही घेतले नाहीत.

सामू म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलंय की साबणाकडे, हे सांगणारा आकडा. शून्यापासून चौदापर्यंत मोजतात. लिंबू, व्हिनेगर, बॅटरीतलं ॲसिड ही सगळी आम्लं साताच्या खाली. साबण, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी हे अल्क साताच्या वर. एक आकडा सरकला की फरक एकदम दहापट, त्यामुळे इथे 'जरासा' असं काही नसतंच. सारं जग याला पीएच म्हणतं. पण साडेसाते ज्या प्रशिक्षणाला गेले होते तिथल्या मास्तरांनी सामू म्हटलं, आणि साडेसात्यांनी तो शब्द जो उचलला तो घरच्या माणसासारखा सांभाळला.

बरोबर साताला शास्त्रात उदासीन म्हणतात. सासूबाईंच्या मते जावयाचा आकडा काढायला वेगळं यंत्र आणायची गरज नव्हती.

सासूबाईंनी हा जावई कधी मनापासून पत्करलाच नाही. 'पाणचट' हा त्यांचा शब्द. मुलगी शिवणकामात तरबेज, चार माणसांत उठून दिसणारी, आणि नवरा कसा, तर दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी त्यालाच 'थँक्यू' म्हणून येणारा. बरं, त्या वाईट बोलायच्या म्हणाव्यात तर तसंही नाही. त्या त्यांच्याशी बोलायच्याच नाहीत. साडेसाते समोर उभे असताना मुलीला म्हणायच्या, "त्यांना सांग, पाय पुसून आत या म्हणावं." आणि साडेसाते, निरोप पोचायच्या आधीच, पाय पुसत असायचे.

तर अशा या सासूबाई डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मुलीकडे राहायला आल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा, आणि वर डॉक्टरांचा हुकूम की पडून राहायचं. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत घातली, फोनच्या शेजारी. डोळे झाकले की माणसाचे कान कामाला लागतात, आणि सासूबाईंचे कान मुळातच बेकार बसणारे नव्हते.

सकाळचा चहा होतो न होतो तोच तलावावरून पंपवाल्याचा फोन यायचा. पंपाच्या घरघरीत उभं आयुष्य गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं. त्यामुळे एरवी मांजराला 'हड' म्हणतानाही संकोचणारे साडेसाते फोनवर मात्र गरजायचे.

"काय? सामू चढलाय? किती? आठ? आठवर गेलाच कसा तो! काल रात्री मी निघालो तेव्हा चांगला होता की!"

सासूबाईंनी कूस बदलली.

"मग ॲसिड घाल. वाट कसली बघतोस? हो, बाटलीतलंच. पण एका जागी ओतू नकोस हां, फरशीवर डाग पडतात, मग सगळ्यांना कळतं. थोडं थोडं, चारी बाजूंनी. आणि आसपास कुणी नाही ना बघून घे. दार लावून घे आधी. मी येईपर्यंत तो खाली आला पाहिजे!"

फोन ठेवून साडेसात्यांनी शांतपणे बिस्किट चहात बुडवलं. खाटेवर सासूबाई लाकडासारख्या ताठ पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. "पडला ना शेवटी? सांगितलं होतं, एवढं ॲसिड देऊ नकोस म्हणून! आता सोडा दे त्याला. अरे, उठेल, उठेल. नाही उठला तर मी बघतो काय करायचं ते."

आता, मुलीला सरळ विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण असल्या गोष्टी सरळ विचारतात का? सासूबाईंनी आडून विचारलं, "काय गं, त्या सामूचं घरचं कुणी नाही का?"

मुलगी मशीनवर होती. तोंडात टाचण्या धरलेल्या, लक्ष सगळं गळ्याच्या कापात. आई थट्टा करतेय असं वाटून ती म्हणाली, "नाव नको काढूस त्याचं. लग्न झाल्यापासून त्याच्यापायी एक जेवण निवांत झालं असेल तर शपथ. आज यांनी ताळ्यावर आणला की उद्या पुन्हा तेच. एक दिवस मीच जाऊन बघणार आहे त्याच्याकडे."

सासूबाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

त्या दिवशी साडेसाते घरी आले, पाय पुसले, आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडेच्या स्टुलावर बसायला निघाले, तर खाटेवरून आवाज आला, "जावईबापू, तिथे कशाला? खुर्चीवर बसा ना. पंखा वळवू का तुमच्याकडे?"

साडेसात्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे जावईबापू तेच!

त्यानंतर जे दिवस आले ते साडेसात्यांनी स्वप्नातही पाहिले नव्हते. पहिला चहा त्यांना. वर्तमानपत्र आधी त्यांना. ते खाकरले की सासूबाई बोलणं थांबवायच्या. मान ही चीज अशी आहे की ज्याला कधी मिळाला नाही त्याला तो फार लवकर मानवतो. साडेसाते पायावर पाय टाकून बसायला लागले. पडद्यांच्या रंगाबद्दल मत द्यायला लागले. तलावावर क्लोरीन पोचवणाऱ्याला त्यांनी चक्क "असं चालणार नाही" म्हटलं, आणि मग त्याला वाईट वाटलं असेल म्हणून घरी येईपर्यंत स्वतःच हळहळले.

"तुम्हाला झालंय तरी काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. माणसाची किंमत कळायला लोकांना वेळ लागतो," साडेसाते म्हणाले, आणि आरशात बघून त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मिशी बेताचीच होती, पण बोट ऐटीत फिरलं.

मनातून मात्र त्यांना धाकधूक होतीच. सासूबाईंचं मत अचानक का पालटलं हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. न जाणो, विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपली चूक झाली, तर? इतक्या वर्षांनी मिळालेली खुर्ची होती ती.

एका दुपारी पाणी तपासायच्या औषधाची बाटली घरी राहिली म्हणून ते मधेच परतले. दार लोटलेलं होतं. आतून सासूबाईंचा दबका आवाज येत होता.

"पिशवी भरून झालीय. तू फक्त चपला घाल. तो यायच्या आत निघू."

"कुठे निघू? आणि ही पिशवी कसली, आई?"

"तुझे कपडे आहेत. हे बघ, मला सगळं माहीत आहे. त्या सामूला त्याने ॲसिड घातलं, मी माझ्या कानांनी ऐकलंय. एकदा नाही, चारदा! अगं, इतके दिवस मी त्याला जावईबापू जावईबापू करतेय ते काय हौस म्हणून? गोड बोललं तर तुझ्या अंगावर हात टाकणार नाही म्हणून! माझ्या डोळ्याला डोळा नाही लागला गं. जरा कुठे भांडं वाजलं की वाटतं, झालं, आता तुझी पाळी."

मग बायकोला जे हसू फुटलं, ते आवरेचना. ती जमिनीवर बसली, मशीनचा पाय धरून हसली, टाचण्यांचा डबा सांडला.

साडेसात्यांना हसू आलं नाही. ते तसेच दारात उभे राहिले. चहा, खुर्ची, पंखा, एकेक आठवत गेलं, आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. आपण मिशीवर बोट फिरवत होतो, तेव्हा ही म्हातारी बाई एका डोळ्याने जागी राहून आपल्यापासून लेकीची राखण करत होती.

ते आत आले. सासूबाई दचकून लेकीच्या पुढे उभ्या राहिल्या, पट्टी बांधलेल्या डोळ्यासकट.

"आई, बसा," साडेसाते म्हणाले. "तुम्हाला सामू दाखवतो."

त्यांनी काचेच्या तीन पेल्यांत नळाचं पाणी घेतलं आणि प्रत्येकात औषधाचे थेंब टाकले. पाणी नारिंगी-लाल झालं. एकात लिंबू पिळलं, तर ते पिवळंजर्द. दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकली, तर गडद गुलाबी.

"पिवळा म्हणजे सामू पडला, पाणी आंबट झालं. गुलाबी म्हणजे चढला. मधला आहे तसा हवा. तलावात क्लोरीन टाकलं की हळूहळू चढतो, मग थोडंसं ॲसिड देऊन त्याला खाली आणायचं. जास्त पडलं तर सोडा. बाकी काही नाही, आई. डोळ्यांतल्या पाण्याचा सामू साडेसाताच्या आसपास असतो. तलावाचा त्याच्या जवळ असला की पोरांनी पाण्यात डोळे उघडले तरी चुरचुरत नाहीत. एवढ्यासाठी मी ओरडत असतो."

सासूबाईंनी काळा चष्मा वर करून बऱ्या डोळ्याने तिन्ही पेले पाहिले. बराच वेळ पाहिले.

"म्हणजे सामू माणूस नाही?"

"नाही."

"तुम्ही कुणाला काही केलं नाहीत."

"मी मुंगी चुकवून चालतो, आई. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर जास्त भीती वाटली." आणि त्या मटकन खाटेवर बसल्या. "मी तुम्हाला नावं ठेवत आले. मला वाटायचं, या माणसात काही दमच नाही. आता या चार दिवसांत कळलं. कमी पडलेलं मीठ पानात वरून घेता येतं. जास्त पडलेलं काढता येत नाही."

त्या रडल्या असत्या, पण डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून लेकीवर चिडल्या. "हसतेस काय? टाचण्या उचल आधी, कुणाच्या तरी पायात जातील!" मग जावयाकडे वळून, पण पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडे बघत, म्हणाल्या, "आणि तुम्ही. ती पिशवी रिकामी करा. मी जरा पडते." आणि भिंतीकडे तोंड करून त्या झोपल्या. पाचच मिनिटांत घोरायला लागल्या.

तलावावर पंपवाला औषधाची वाट बघत असणार हे ठाऊक असूनही साडेसाते कपाटापुढे खाली बसले आणि बायकोचे कपडे एकेक करून जागेवर ठेवू लागले. वर रोजचे होते. त्याखाली बाहेर जाताना घालायचे. बाहेर उन्हाने रस्ता तापला होता, आणि पिशवीच्या तळाशी सासूबाईंनी थेट हिवाळ्यापर्यंतच्या तयारीने लेकीचे दोन्ही लोकरी स्वेटर भरले होते.

साडेसाते ते स्वेटर मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. बायको शेजारी येऊन बसली. तिचंही हसू थांबलं होतं.

घोरणं मधेच तुटलं. "घड्या नीट घाला," सासूबाई झोपेतच म्हणाल्या.

"हो आई," साडेसाते म्हणाले, आणि त्यांनी वरचा स्वेटर उलगडून पुन्हा नीट घडी घातली.