हिंदीला उत्तर नाही

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही अकोल्याला गेलो होतो. आई माझ्या मुलीला गोष्ट सांगत होती. मुलगी मध्येच म्हणाली, "दादी, मेरे पल्ले कुछ नहीं पड़ा."

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते रे ही?"

मी सांगितलं. आई हसली, पण गोष्ट तिथेच राहिली. नातीशी बोलायला आजीला दुभाषी लागावा, हे मला नोकरीच्या गावी, चंदीगडला परत पोहोचेपर्यंत छळत राहिलं.

तिथे मराठी घरं मोजकीच. गणपतीला जमलो की सगळ्यांची मुलं हिंदीत भांडायची. "तुझी लेक तर पक्की पंजाबीण झाली, यार," एक नागपूरकर डॉक्टर म्हणाला. "लग्नात आम्हाला भांगडा करायला लावणार." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र ठरवून टाकलं, दिवाळीला ही आजीशी मराठीत बोलेल.

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. काय साधायचं ते एका वाक्यात मांडायचं, त्याचे टप्पे पाडायचे आणि प्रयोग सुरू झाला की मध्येच अटी बदलायच्या नाहीत, हे माझ्या अंगात मुरलेलं. आधी घरातल्या वस्तू, मग नातीगोती, मग गोष्टी. अट एकच. घरात हिंदी बोललीस तर बाबा उत्तर देणार नाहीत. ती हिंदीत बोलली की मी कानावर बोट ठेवायचो. ऐकू येत नाही, अशी ती खूण.

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस घरात बसण्याचेच होते. अंधार पडायच्या आत बाजार बंद व्हायचे. नाक्यानाक्यावर वाळूची पोती रचलेली असायची आणि बातम्यांत पंजाबातल्या कुठल्या ना कुठल्या गावी गोळीबार. बायको नर्स होती; ती लेकीशी हिंदीतच बोलायची. तिची दुपारपाळी असली की मी लवकर परतायचो आणि संध्याकाळभर घरात आम्ही दोघंच. "बाबा... पाणी... पाहिजे," ती चाचपडत म्हणायची. मी लगेच उठायचो. माझी पद्धत लागू पडत होती.

नवरात्रात एक दिवस शाळेची बस फार उशिरा आली. मी गॅलरीत उभा होतो. ती उतरताना दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. धावतच वर आली. "पापा, पता है आज बस में क्या हुआ..."

मी कानावर बोट ठेवलं.

ती थांबली. "आज... बसमध्ये... पुलिस..." पुढचे शब्द तिच्याकडे नव्हते. मी तिला कुकर शिकवला होता, मावशी शिकवली होती. ती दप्तर ठेवून शेजारच्या घरी निघून गेली. मला वाटलं, रुसली. रुसू दे.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या सरदारीणबाई भेटल्या. "भाई साहब, बच्ची अब ठीक है?"

"क्यों, क्या हुआ?"

"आपको नहीं बताया? कल हमारे यहां बैठकर कितना रोई."

त्यांच्याकडून कळलं. नाक्यावर पोलिसांनी बस अडवली होती. मुलांची दप्तरं रस्त्यावर उपसली होती. हिला रोज पुढची जागा राखून ठेवणारा सरदार ड्रायव्हर, त्याच्या छातीवर बंदूक टेकवून त्याला उतरवून नेलं होतं. बस दुसऱ्याच कुणी आणली होती.

पुढे त्याला सोडलं. तो कामावर आल्याचं कळलं तेव्हा मी स्वतः तिच्याजवळ जाऊन बसलो आणि अट मोडून म्हणालो, "बेटा, तेरे ड्राइवर अंकल वापस आ गए."

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. वाक्यात एकही चूक नव्हती.

दिवाळीला ती आजीशी मराठीत बोलली. आईने तिची दृष्ट काढली. नातेवाईक विचारत होते, कसं जमवलंत? मी त्यांना टप्प्यांबद्दल सांगितलं, शिस्तीबद्दल सांगितलं. नाक्याबद्दल कुणालाच सांगितलं नाही.

आता ती दूर असते. रविवारी फोन करते. माझी तब्येत, औषधं, पाऊसपाणी, सगळं स्वच्छ मराठीत विचारते. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. मग म्हणते, "आईकडे द्या ना."

मी फोन देतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. तिथून बायकोचं हसणं ऐकू येतं. दोघी बराच वेळ बोलतात, हिंदीत.