बँजोतली जागा

डेल्फिया सायझमोर ही ट्रेस फोर्कच्या खोऱ्यातली सगळ्यांत संशयी बाई, असं तिची स्वतःची मुलंसुद्धा म्हणायची. दुकानातली अंडी ती उजेडात धरून बघे. चर्चमध्ये नवा पाद्री आला की त्याचं प्रवचन ऐकण्याआधी, तो जुन्या गावातून का निघाला हे तिला कळायला हवं असे.

वाजवायला मात्र तिने सर्वांत सरळ वाद्य धरलं होतं: डोक्याहून उंच, खर्जाच्या तारांचा उभा बास. खोक्यावर उभं राहावं लागे तेव्हापासून ती तो वाजवत होती. बाप, एलायजा नेपियर, खाणीतून काळा होऊन यायचा, हात धुवायचा आणि जेवायच्या आधी व्हायोलिन उचलायचा. भाऊ आर्व्हिल बापाकडून व्हायोलिन शिकला, डेल्फियाच्या वाट्याला बास आला. बाप गेला त्या दिवशी, माणसं अजून घरात असतानाच, आर्व्हिल ते व्हायोलिन काखोटीला मारून निघून गेला. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. डोंगरापलीकडे राहायचा, पण त्यानंतर बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. घरात त्याचं नाव निघालं की ती भांडी घासायला घ्यायची.

पुढे तिने डेन्झिल सायझमोरशी लग्न केलं. डेन्झिल बँजो वाजवायचा. मुलगी रीथा गिटार वाजवून गायची, मुलगा लॉनी मँडोलिनवर. चौघं एकाच मायक्रोफोनभोवती उभी राहत. ज्याची पाळी येई तो पुढे सरके, बाकीचे मागे होत. शाळेचा हॉल, अग्निशमन दलाची मासळीची पंगत, चर्चची वार्षिक जेवणं, जिथे बोलावणं येई तिथे सायझमोर कुटुंब हजर.

त्या वसंतात डेन्झिल गुरुवारी दुपारी ट्रक काढून जायला लागला.

"कुठे चाललास?"

"कार्ब्युरेटर बघायला."

"मग बँजो कशाला घेतलास?"

"त्याचं कातडं सैल झालंय. तेही दाखवून येतो."

संध्याकाळी तो आला तेव्हा बँजोचं कातडं जसं होतं तसंच होतं. शर्टाला कापराच्या मलमाचा वास येत होता. धुण्यात टाकण्याआधी डेल्फियाने शर्ट दोनदा हुंगला. पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर कागदात गुंडाळलेला थरांचा सफरचंदी केक आला.

"चर्चच्या बायकांनी दिला," तो म्हणाला.

चर्चमधल्या एकूणएक बाईचा केक डेल्फिया चवीवरून ओळखायची. ह्यात सुंठ जास्त होती. एवढी सुंठ घालणारी बाई त्या चर्चमध्ये नव्हती.

तिचा संशय विधवा ओमा फ्यूगेटवर गेला. ओमाचे गुडघे दुखायचे, म्हणजे मलम असणार. आणि ओमाचा आवाजही गोड. केकमध्ये ती एवढी सुंठ घालत नसे, पण खास कुणासाठी घातलीही असेल. रविवारी डेल्फिया मुद्दाम तिच्या मागच्या बाकावर बसली आणि प्रार्थनेला माना खाली गेल्या तेव्हा पुढे वाकली. ओमाच्या अंगाला नुसता साबणाचा वास येत होता.

"काय गं डेल्फिया, बरं नाही का?" ओमाने वळून विचारलं.

"सर्दी झालीय," डेल्फिया म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. जुनी, जलद नाचाची चाल. लॉनीचं झालं आणि डेन्झिल पुढे सरकला. दुसऱ्या भागाच्या शेवटी सगळे जिथे वर चढतात, तिथे तो किंचित थांबला, दोन सुरांनी खाली घसरला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा तालावर आला.

डेल्फियाचा हात तारेवरच थांबला. बास बंद पडला तशी पायाखालची फळी काढून घ्यावी तसं सगळ्यांना झालं. लॉनीने दचकून मागे पाहिलं. तिने पुन्हा ताल धरला, पण तिचं लक्ष उडालं होतं.

ती जागा तिच्या बापाची होती. दुसरं कुणी ती तशी घेत नसे. डेन्झिलने तिच्या बापाला कधी ऐकलं नव्हतं. तो या खोऱ्यात आला तेव्हा म्हातारा जाऊन वर्ष उलटलं होतं. बापानंतर ती एकालाच येत होती.

गुरुवारी डेन्झिल निघाल्यावर तिने रीथाकडे गाडीची किल्ली मागितली.

"आई, बाबांच्या मागे जाणार आहेस का?"

"पलीकडे अंडी आणायला जातेय."

"डोंगर ओलांडून?"

"तिकडच्या कोंबड्या चांगल्या आहेत."

पलीकडच्या उतारावर, एका लहानशा घरासमोर डेन्झिलचा ट्रक उभा होता. पडवीत डेन्झिल बँजो मांडीवर घेऊन बसला होता. समोरच्या खुर्चीत एक वाळलेला माणूस, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी, छातीवर मलमात भिजलेलं फडकं. खाणीच्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. डेल्फियाला तो आधी हनुवटीवरून ओळखू आला. हनुवटी बापाची होती.

"बाई असती तर बरं झालं असतं," ती डेन्झिलला म्हणाली.

डेन्झिल उठला. "सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"त्याला वाजवायला सोबत हवी होती. म्हणून येत होतो."

आर्व्हिलची बायको रूबी कॉफी घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. "बसा ना वन्सं," ती म्हणाली.

"केकमध्ये सुंठ जास्त घालतेस," डेल्फिया म्हणाली आणि बसली.

आर्व्हिलच्या मांडीवर एक स्वस्तातलं, पिवळट व्हायोलिन होतं. डेल्फियाने त्याकडे पाहिलं. "बापाचं कुठाय?"

"पुरात गेलं," आर्व्हिल एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होता. "पाणी खिडकीपर्यंत आलं होतं. रूबीला वर काढलं. ते राहिलं."

"की विकलंस?"

"पुरात गेलं, डेल्फे."

रूबी खाली बघत होती. लाजेने की कंटाळ्याने, ते डेल्फियाला कळलं नाही. पूर खरा होता, त्यात कितीतरी घरं गेली होती. पण पुराच्या नावावर काहीही खपवता येतं, हेही तिला ठाऊक होतं.

"मग आता काय हवंय तुला माझ्याकडून?"

"काही नाही. तुझा नवरा खालचे सूर चुकवतो. बास असला तर बरं पडेल."

डेन्झिल हसायच्या बेतात होता. तिने बघितलं तशी त्याने मान खाली घातली.

त्या दिवशी ती वाजवायला थांबली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र बास ट्रकमध्ये आडवा घालून ती स्वतः गेली, बरोबर रीथा आणि लॉनीही. मामाला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आर्व्हिल थोडं वाजवून थांबायचा, नळी नीट करायचा, पुन्हा सुरू करायचा. रीथाने त्याच्या सोयीसाठी गाणी संथ लयीत घेतली. ऑगस्टच्या चर्चच्या जेवणाला त्याने खुर्चीत बसून त्यांच्याबरोबर वाजवलं. मायक्रोफोन त्याच्यासाठी खाली घ्यावा लागला.

पहिल्या थंडीत तो गेला. दफनाच्या आदल्या दिवशी डेल्फिया रूबीबरोबर त्याचे कपडे आवरायला गेली. मदत करायला आले म्हणाली. पण पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या मागे, सगळीकडे तिने हात घालून पाहिलं. रूबीने एकदाही हटकलं नाही. माळ्यावर जाण्यासाठी शिडीच आणून दिली आणि ती खालून धरून उभी राहिली.

बापाचं व्हायोलिन कुठेच सापडलं नाही.

"आता पटलं?" रूबीने विचारलं.

डेल्फिया शिडीवरून उतरली, हातांची धूळ झटकली. "नाही," ती म्हणाली. "पण गुरुवारी तू आमच्याकडे जेवायला ये. एकटी इथे बसून काय करणारेस."